आतले हुक

शेवडेकाकूंचं विमान चुकलं, आणि ते माझ्यामुळे चुकलं.

आता हे वाक्य मी लिहिलं नाही आणि तुम्ही वाचलं नाही असं समजू. विमान चुकलं नाही. डिसेंबरातल्या त्या मंगळवारी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी ते डलूथच्या विमानतळावरून सुटलं, काकू आत होत्या, त्यांना खिडकीची जागा मिळाली, शेजारच्या बाईंनी च्युइंगम पुढे केलं आणि काकूंनी ते शाकाहारी आहे का विचारलं. सगळं व्यवस्थित पार पडलं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं कुणी मनाला लावून घ्यायला नको. मी अकरा वर्षांत मुळीच लावून घेतलेलं नाही.

तर नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी मी शेवड्यांच्या गॅरेजमध्ये स्नोब्लोअरसमोर मांडी घालून बसलो होतो. समोर दोन चेनी पसरलेल्या होत्या आणि दोन टायर माझ्याकडे बघत होते.

स्नोब्लोअर ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: हे हातगाडीएवढं, दोन चाकांचं, पेट्रोलवर चालणारं यंत्र असतं. आपण मागून दांडे धरून चालायचं. ते पुढच्या तोंडाने बर्फ खातं आणि वरच्या नळीतून बाजूला थुंकतं. पान खाणाऱ्या माणसासारखंच, फक्त भिंती पांढऱ्या होतात. सपाटीवर ते नुसत्या टायरांवर चालतं. पण अमेरिकेच्या उत्तर टोकाचं डलूथ हे गाव सगळंच्या सगळं टेकडीवरून सरोवराकडे घसरत निघालेलं आहे, आणि शेवड्यांचा ड्राइव्हवे गॅरेजपाशी थोडा सपाट असून मग घसरगुंडीसारखा खाली रस्त्याला मिळतो. तिथे टायरांना चेनी लागतात. नाहीतर यंत्र आपल्याला फिरायला नेतं.

मी इचलकरंजीचा. आमच्याकडे बर्फ काडीला लावून त्यावर काला खट्टा टाकायचे. तो ढकलायचा असतो हे मला बाविसाव्या वर्षी कळलं. युनिव्हर्सिटीत शिकायला आलो आणि शेवड्यांच्या तळघरातल्या खोलीत राहायला लागलो. ठराव असा होता की जेवण काकूंचं आणि बर्फ माझा. काकांची बायपास झाली होती आणि डॉक्टरांनी त्यांना काहीही ढकलायला मनाई केली होती. त्याआधी तीस वर्षं ते उत्तरेकडच्या लोखंडाच्या खाणीत इंजिनीअर होते. माणसाच्या दुप्पट उंचीच्या टायरांना चेनी चढवून घेतलेला हा माणूस आता गॅरेजच्या पायरीवर मफलर गुंडाळून उभा राहून मला समजावत होता.

"आधी टायरची हवा काढ," काका म्हणाले. "मग चेन घाल. बाहेरचा हुक, मग आतला. आतल्याला हात पुरत नसेल तर खीळ काढून चाकच बाहेर घे, लाजू नकोस. मग हवा भर. टायर फुगला की चेन आपोआप कसते. तासाभराचं काम आहे. घाई केलीस की फसलास."

मी सगळ्याला हो म्हणालो. मग ते डॉक्टरांनी सांगितलेली झोप घ्यायला वर गेले.

माझ्याकडे तास नव्हता. चाळीस मिनिटं होती. त्या संध्याकाळी मिनीॲपोलिसला महाराष्ट्र मंडळाची दिवाळी होती. खरी दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते, पण अमेरिकेत सण हॉल रिकामा असेल त्या तारखेला येतात. मंडळाच्या प्रहसनात मी यमाच्या रेड्याचं काम करत होतो. पूर्ण रेड्याचं नाही, मागच्या दोन पायांचं. पुढचे दोन पाय सुश्रुत करायचा, आणि गाडी त्याचीच होती. मागच्या पायांसाठी पुढचे पाय थांबत नाहीत.

बाहेरचे हुक पटकन लागले. लखलखत होते. आतले लागेनात. चाक आणि यंत्राचं धूड यांच्यामध्ये जेमतेम तळहात जाईल एवढी फट, आणि चेनीची दोन टोकं एकमेकांपासून तीन बोटं लांब. हवा काढली असती तर ती भेटली असती. पण मग हवा भरायचा पंप शोधावा लागला असता, आणि तो फडताळामागे कुठेतरी होता, जिथे काकूंचे हळदीकुंकवाचे स्टीलचे डबे रचून ठेवले होते.

गॅरेजला लागूनच कपडे धुवायची खोली होती. मशीनच्या वर काकूंचं शिवणाचं सामान, आणि त्यात नाडीचं बंडल. पांढऱ्या सुताची, लाल काठाची, परकराची नाडी. काकूंचे मोठे भाऊ ती दर वर्षी वाईच्या बाजारातून घेऊन पाठवायचे. काकू तिचं कौतुक करायच्या, "हत्ती बांधा हिला. तुटायची नाही."

माझ्या मते एवढी तांत्रिक माहिती पुरेशी होती. स्नोब्लोअर हत्तीपेक्षा हलका असतो.

मी दोन हात नाडी कापली, तिचे दोन तुकडे केले, आणि दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूला चेनीची टोकं नाडीने ओढून बांधली. आईने शिकवलेली निरगाठ मारली, वर अजून एक मारली. उठून दोन पावलं मागे गेलो आणि पाहिलं. बाहेरून यंत्र असं दिसत होतं की त्याचा फोटो माहितीपुस्तकात छापावा.

बाहेर सुश्रुतने हॉर्न वाजवला. मी जॅकेट चढवतो आहे तोवर काका झोपेतून उठून पायरीवर आले.

"लागले आतले हुक?"

"लागले."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"हवा परत भरलीस?"

"भरली."

काका वाकायला लागले. छातीच्या टाक्यांमुळे त्यांना नीट वाकता येत नसे, म्हणून ते बाहेरूनच बघून थांबले. बोटाने बाहेरचा हुक हलवून पाहिला. तो हलला नाही.

"छान," ते म्हणाले. "माझ्या हाताखाली असतास तर तुला बढती दिली असती."

रेड्याच्या मागच्या पायांना त्या संध्याकाळी टाळ्या पडल्या. यम आत्मा घेऊन निघतो तेव्हा मागचे पाय उलट्या दिशेने चालू लागतात, अशी गंमत मी ऐनवेळी घातली होती. परत येताना मी ठरवलं, उद्या हवा काढून हुक नीट लावायचे. उद्या रविवार होता. मग सोमवार आला. मग थोडा थोडा बर्फ पडला, दोनदा, बोटभर, आणि नाडी टिकली. मग मी विसरलो. खोटं बोलण्यातला हा भाग सगळ्यात सोपा जातो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वाईहून फोन आला. काकूंच्या भावाला साताऱ्याच्या दवाखान्यात हलवलं होतं. काकूंचे वडील लवकर गेले, तेव्हा हा भाऊ सोळा वर्षांचा होता आणि काकू सहा. त्याने शाळा सोडून दुकान धरलं आणि बहिणीला एम.ए. केलं. लहानपणी त्या दोघांना आपलं म्हणावं असं फक्त ती दोघंच होती. त्याआधीची अकरा वर्षं भाऊबीज फोनवरच झाली होती. काकू इकडे पाटावर फोन ठेवून त्याला ओवाळायच्या, खरोखर ओवाळायच्या, काका सांगायचे.

फोन काकूंनी स्पीकरवर ठेवला होता. भाऊ दम घेत घेत बोलत होता.

"शालन, यंदाची भाऊबीज राहिलीय गं. ये तू. मी थांबतो."

मंगळवारचं तिकीट मिळालं.

सोमवारी दिवसभर बर्फ पडला आणि मंगळवारी पहाटे थांबला. कमरेच्या थोडा खाली इतका. पण विमानं चालू होती, काकांनी चारदा विचारून घेतलं. नऊला निघायचं ठरलं. साडेसातला मी यंत्र सुरू केलं. काका गॅरेजच्या दारात उभे होते. आत काकू जॅकेटवर शाल आणि शालीवर पर्स अशा तयार होऊन बसल्या होत्या. पर्समध्ये रुमालात गुंडाळलेलं चांदीचं निरांजन होतं. त्यात वातसुद्धा घालून ठेवली होती, तिकडे गेल्यावर वळत बसायला नको म्हणून.

वरची सपाटी वीस मिनिटांत झाली. मी दारातल्या काकांना सलाम ठोकला आणि उताराला लागलो.

उताराच्या मध्यावर यंत्रातून, भांड्यांचं कपाट जिन्यावरून पडावं तसा आवाज आला. डाव्या चाकाची चेन आतून सुटली, आसाभोवती गुंडाळली आणि चाक जागच्या जागी थांबलं. उजवं फिरतच राहिलं. यंत्र स्वतःभोवती वळलं, मला बाजूला टाकलं आणि आडवं घसरत जाऊन एका बाजूचा दगडी बांध आणि दुसऱ्या बाजूचं स्प्रूसचं झाड यांच्यामध्ये बसलं. ड्राइव्हवे तेवढाच रुंद होता. मोजून केल्यासारखं बसलं. मी ओढलं, ढकललं, लाथ मारली. ते माझ्या दुप्पट वजनाचं होतं आणि त्याला कुठे जायचं नव्हतं. वर गॅरेजमध्ये गाडी, खाली रस्ता, मध्ये यंत्र.

काका उतरून आले. त्यांना उतरायलाही मनाई होती. मला हाताने बाजूला करून ते बर्फात आधी गुडघ्यावर आणि मग सरळ पोटावर झोपले. सदुसष्ट वर्षांचा माणूस, छातीला टाके, आणि यंत्राखाली डोकं. मी म्हणालो, काका उठा, मी बघतो. त्यांचा हात आत आसापाशी चाचपत होता. मग तो थांबला.

हात बाहेर आला तेव्हा दोन बोटांत नाडीचं टोक होतं. ओलं होऊन गोठलेलं, काडीसारखं ताठ. लाल काठ अगदी नीट दिसत होता.

काकांनी नाडी पाहिली. मग मान वळवून मला पाहिलं. आधीच मोकळी झालेली सपाटी उन्हात चमकत होती, एवढं आठवतं.

वरून काकूंनी विचारलं, "अहो, काय झालं?"

काका उठून बसले. नाडी मुठीत धरली.

"माझी चूक झाली गं," ते म्हणाले. "चेनीचा आतला हुक लागत नव्हता. मी नाडीने बांधली होती."

"तुम्ही?"

"हो."

"कसल्या नाडीने?"

"तुझ्याच. वाईच्या."

इथे माझी पाळी होती. दोन शब्द पुरले असते. काकू वर दारात, काका खाली बर्फात, मी मध्ये उभा, आणि दोघंही माझ्याकडे बघत होते, काकू तर कुणीतरी हे खोटं आहे म्हणून सांगावं अशा नजरेने बघत होत्या. मी तोंड उघडलं.

"काय काका," मी म्हणालो, "नाडीने?"

आणि हसलो.

पुढचे दोन-तीन तास भराभर सांगतो. शेजारी फ्लोरिडाला गेले होते. डलूथमधले शहाणे लोक डिसेंबरात तिथेच असतात. टॅक्सीवाले चाळीस मिनिटं म्हणाले आणि दोन तासांनी आले. दोन्ही बॅगा मी डोक्यावर घेऊन बर्फातून रस्त्यापर्यंत नेल्या. खूप मेहनत घेतली, ती सगळ्यांना दिसेल अशी घेतली. विमानतळावर पोचलो तेव्हा चेक-इनची खिडकी बंद झाली होती. काकू काचेपाशी उभ्या राहिल्या, पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून. विमान अकरा पाचला सुटलं. अगदी वेळेवर. वरती मी एवढं एक मात्र खरं लिहिलं आहे.

दुसऱ्या दिवशीच्या विमानाने त्या गेल्या. साताऱ्याला पोचल्या तेव्हा भावाला जाऊन अकरा तास झाले होते. आदल्या दिवशीचं विमान मिळतं तर त्या भाऊ जाण्याच्या तेरा तास आधी पोचत्या. हे गणित कुणालाही जमण्यासारखं आहे. भाचीने फोनवर काकांना सांगितलं, बाबा शेवटी दाराकडेच बघत होते. काकांनी तोही फोन स्पीकरवर ठेवला होता. माझ्यासाठी ठेवला होता का, हे मी विचारलं नाही.

काकू तिकडे असतानाच एका दुपारी काकांनी मला गॅरेजमध्ये बोलावलं. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "हवा काढ."

मी हवा काढली. खीळ काढून चाक बाहेर घेतलं. चेन घातली. आतला हुक टक्कन लागला, लहान मुलाच्या सँडलचा लागावा तसा. पंप डब्यांमागेच होता, काढायला दोन मिनिटं लागली. टायर फुगला आणि चेन कसली गेली. दोन्ही चाकं मिळून पन्नास मिनिटं झाली.

"काका," मी म्हणालो, "तुम्ही असं का सांगितलंत?"

काकांनी चेन बोटाने हलवून पाहिली. आतून.

"तुला अजून दीड वर्ष तिच्या हातचं जेवायचंय," ते म्हणाले. "माझं काय, मी चाळीस वर्षं जेवलोय. मला माफ करेल ती, आज ना उद्या. तुला केलं नसतं." मग कोटाच्या खिशातून नाडीचा तुकडा काढून माझ्या हातात ठेवला. "हे तुझ्याकडे ठेव. तुला जमेल तेव्हा तिला सांग. घाई नाही."

मी घाई केली नाही.

काकू परत आल्या. निरांजन देवघरात परत ठेवलं. वात तशीच, पांढरी. त्यानंतरचं दीड वर्ष मी त्या घरात रोज दोन वेळा जेवलो आणि निरोप्याचं काम केलं. ओजस, त्यांना म्हणावं आमटी गरम आहे. ओजस, त्यांना विचार डॉक्टरांकडे कधी जायचंय. काका समोर बसलेले असायचे, हातभर अंतरावर. मी मान वळवून सांगायचो, काका, आमटी गरम आहे. ते म्हणायचे, बरं. कधी कोणी पाहुणे आले की काकू त्यांना सांगायच्या, तीस वर्षं लोखंडाच्या खाणीत काढली यांनी, आणि चेन बांधली नाडीने. पाहुणे हसायचे. काका पण हसायचे. मला वाढताना काकू न विचारता दुसरी पोळी वाढायच्या, आणि मी ती खायचो.

नंतर मी ह्यूस्टनला आलो, जिथे बर्फ फक्त ग्लासात असतो.

काका दोन वर्षांपूर्वी गेले. मिनीॲपोलिसला मंडळाच्या हॉलमध्ये त्यांच्यासाठी सगळे जमले होते, त्याच हॉलमध्ये, जिथे मी रेड्याचे मागचे पाय होतो. लोकांनी आठवणी सांगितल्या. शेवटी काकू उठल्या. थोडं बोलल्या आणि मग म्हणाल्या, आता यांच्या नाडीची गोष्ट. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या ती गोष्ट हसत सांगत होत्या. माफ केलं होतं. काका म्हणाले होते तसंच, फक्त ते बघायला नव्हते. अर्ध्यावर त्या थांबल्या. त्यांनी गर्दीत मला शोधलं.

"ओजस होता ना तिथे," त्या म्हणाल्या. "ये रे. पुढचं तू सांग. तुला जास्त नीट माहीत आहे."

असं त्या का म्हणाल्या, त्यांना काही कळलेलं होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. सव्वाशे माणसं बसली होती. खिशात नाडी होती, मी ती नेली होती. दोन शब्द तेव्हाही पुरले असते.

मी पुढे गेलो आणि गोष्ट सांगितली. भांड्यांच्या कपाटाचा आवाज काढला. काका पोटावर कसे झोपले ते वाकून दाखवलं. त्यांच्या आवाजात म्हणालो, "तुझ्याच. वाईच्या." हॉल हसून कोसळला. काकू डोळे पुसत हसत होत्या. इतक्या टाळ्या मला आयुष्यात परत मिळालेल्या नाहीत.

म्हणून हा अर्ज.

प्रति,
मा. संबंधित अधिकारी, जे कोणी असतील ते.

विषय: नोंदीतील दुरुस्तीबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार ओजस ढवळे, सध्या राहणार ह्यूस्टन, विनंतीपूर्वक अर्ज करतो की, डलूथ येथील सदर मंगळवारच्या नोंदीत 'चेन कोणी बसवली' या रकान्यातील कै. दिगंबर शेवडे यांचे नाव खोडून तेथे अर्जदाराचे नाव घालण्यात यावे. ही दुरुस्ती कै. शेवडे यांच्या हयातीतील तारखेपासून अमलात आणावी, जेणेकरून त्यांना दीड वर्षाची आमटी परस्पर, निरोप्याविना, गरम असल्याचे कळेल. तसेच दुरुस्तीची समज श्रीमती शालन शेवडे यांना योग्य शब्दांत आपल्या कार्यालयामार्फत देण्यात यावी. समज देतेवेळी अर्जदार उपस्थित नसावा, ही नम्र विनंती.

सोबत: नाडी, लाल काठाची, एक तुकडा.